ब्राझीलला जाताना राजुऱ्यावरून जा

आमच्या राजुऱ्यात स्वातंत्र्याचे दिवस दोन. एक १५ ऑगस्ट, सगळ्या देशाबरोबरचा. दुसरा १७ सप्टेंबर. आमच्या रूममधल्या नांदेडच्या पार्टनरला यात काही नवल वाटलं नाही, तिच्याकडे त्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतोच. दुसरी पार्टनर ब्रह्मपुरीची. ती म्हणाली, "काहून गं, तू चंद्रपूर जिल्ह्याची, मीही चंद्रपूर जिल्ह्याची. मग मराठवाड्याचा दिवस तुमच्याकडे काहून?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर एका शब्दात सांगायचं तर 'वर्धा'. म्हणजे शहर नव्हे, नदी.

बल्लारपूरहून निघालं की वर्धेचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की राजुरा. १५ ऑगस्ट १९४७ ला नदीच्या त्या काठावर बल्लारपूर आणि चांदा स्वतंत्र झाले. या काठावरचा राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, जिल्हा आदिलाबाद. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलिस कारवाई सुरू झाली, १७ तारखेला निजाम शरण आला, तेव्हा कुठे अलीकडच्या काठाला मोकळा श्वास घेता आला. मधे तेरा महिने गेले. पुढे १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, आदिलाबादचे मराठी बोलणारे राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्यात आले आणि राजुऱ्याला टाकलं नांदेड जिल्ह्यात. १९५९ ला तिथून काढून चांद्याला जोडलं. १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे १९४७ साली राजुऱ्यात जन्मलेलं पोर तेरा वर्षांचं होईस्तोवर घराचा उंबरठा न ओलांडता तीन जिल्हे आणि तीन राज्यं फिरून आलं! एवढी ट्रान्सफर तर आपल्या कॉलेजच्या क्लार्कचीही होत नसेल.

आता गंमत बघा. हे सगळं मला शाळेत कळलं नाही. शाळेत १७ सप्टेंबरला झेंडावंदन व्हायचं, भाषण व्हायचं, चॉकलेट मिळायचं. इतिहासाच्या तासाला १८५७, दांडी आणि ४२ चं आंदोलन होतं. भूगोलाच्या तासाला "वर्धा नदी सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते" हे वाक्य पाठ करून झालं. पण नदी एका वहीत राहिली आणि निजाम दुसऱ्या वहीत. दोन तास, दोन वह्या, दहावीला दोन पेपर, चाळीस-चाळीस मार्कांचे. दोघांची गाठ कुणी घालूनच दिली नाही. आणि शाळा तर नदीपासून सायकलच्या अंतरावर!

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांना आपल्या परिसराचा इतिहास शिकवायचा असेल तर तो भूगोलाच्या हातात हात घालून शिकवावा. आणि सुरुवात स्वतःच्या गावापासून करावी. तिसरीच्या परिसर अभ्यासाचं पुस्तक आपल्याकडे जिल्ह्यानुसार निघत आलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिसरीतलं पोर आठ वर्षांचं. त्याला तालुक्यांची नावं आणि नद्यांची नावं समजतात. "ही नदी सीमा का झाली?" हा प्रश्न त्याला पेलत नाही. तो ज्या वयात पेलतो, त्या वयात पुस्तकातून जिल्हा गायब झालेला असतो.

आम्ही दहावीला जो भूगोल शिकलो त्यात भारत आणि ब्राझील यांची तुलना होती. त्यामुळे अ‍ॅमेझॉनचं खोरं आम्हाला तोंडपाठ. पुस्तकातला पहिलाच धडा मात्र क्षेत्रभेटीचा होता, फार चांगला धडा. त्यात मुलं नळदुर्गहून अलिबागला जातात, वाटेत जमीन, पिकं, घाट बघतात, लोकांना प्रश्न विचारतात. आमच्या वर्गात हा धडा मोठ्याने वाचून घेतला गेला आणि खालचे प्रश्न लिहून दिले गेले. क्षेत्रभेट बाकावर बसून झाली.

ब्राझीलवर माझा राग नाही. उलट ब्राझीलला जायचंच असेल तर राजुऱ्यावरून जाता येतं. कसं ते सांगते. आमच्याकडे सास्ती, धोपटाळा, गोवरी, पवनी या भागात कोळशाच्या खाणी आहेत. हा वर्धा खोऱ्यातला कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना भूगर्भशास्त्रात 'गोंडवाना' खडक म्हणतात. हे नाव आलं ते गोंडांच्या मुलखावरून, १९ व्या शतकात इथे काम करणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञांनी दिलं. पुढे एडवर्ड स्युस या शास्त्रज्ञाने दक्षिणेकडचे सगळे खंड एकेकाळी जोडलेले होते त्या भूमीला 'गोंडवानालँड' म्हटलं. त्या भूमीत भारत होता आणि ब्राझीलही होता. दक्षिण ब्राझीलमधल्या कोळशाच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे मिळतात, आपल्याकडच्या गोंडवाना खडकांतही तेच मिळतात. म्हणजे रिओच्या शाळेतलं पोर जेव्हा 'गोंडवाना' हा शब्द पाठ करतं तेव्हा ते आपल्या शेजारपाजारच्या माणसांचं नाव घेत असतं. आणि गोंडाच्याच घरातल्या आमच्या पोराला हे कुणी सांगत नाही! गडचिरोलीत २०११ ला विद्यापीठ झालं त्याला हेच नाव दिलं, हे बरं झालं. पण विद्यापीठापर्यंत पोचणारी मुलं किती?

खडकांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू या, कारण सिव्हिलवाल्यांना यात रस वाटेल (वाटायला हवा). आमच्या जुन्या राजुरा तालुक्यातून पुढे कोरपना आणि जिवती हे तालुके वेगळे झाले. या तिन्हींत मिळून खडकांची तीन मोठी कुटुंबं नांदतात. माणिकगडच्या डोंगरांवर लाव्ह्याचा काळा पत्थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. नदीकडे कोळशाचे थर, पंचवीस-तीस कोटी वर्षांचे. आणि गडचांदूर, आवारपूरकडे चुनखडी, ती या दोघांच्याही कितीतरी आधीची. सिमेंटला काय लागतं? एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी, भट्टीला कोळसा, माल न्यायला रेल्वे. हे सगळं जिथे वीस-तीस किलोमीटरच्या आत मिळतं तिथे सिमेंटचे कारखाने एकापाठोपाठ एक उभे राहणारच. आमच्याकडचं पोर 'कंपनी' हा शब्द आईबाबांच्या पाठोपाठ शिकतं. कंपनीत लागलेला भाऊ, कंपनीत गेलेली जमीन, कंपनीची धूळ. पण कंपनी इथेच का आली, ब्रह्मपुरीला का नाही, हे त्याला विचारा. "मालकानं इथं जागा घेतली म्हणून," असं उत्तर येतं. उत्तर चूक नाही, पण ते मालकापाशीच थांबतं.

ब्रह्मपुरीचं तिकडे वेगळंच आहे. आमच्या रूममध्ये मेसच्या भातावरून रोज वाद. तिला दोन्ही वेळा भात लागतो, मला आणि नांदेडवालीला ज्वारीची भाकर मिळाली की सण. यातही भूगोलच आहे. पश्चिमेला काळी माती, तिथे कापूस आणि ज्वारी. पूर्वेला वैनगंगेच्या बाजूला जुना कठीण खडक, चढउताराची जमीन, पाऊस जास्त. तिथे उतारावर पाळ टाकली की तळं होतं आणि तळ्याखाली धान पिकतं. गोंड राजांनी हे ओळखलं होतं. तळं बांधणाऱ्याला त्या तळ्याखालची जमीन देण्याची पद्धत त्यांनी ठेवली, अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाचा मोठा भाग आहे, आपल्यातले कितीतरी जण तिथून ऑटोने गेले असतील. तुकूम म्हणजे काय, हे एकदा ऑटोत बसल्यावर विचारून बघा. आणि ही तळी बांधण्यात ज्यांचा हात मोठा त्या कोहळी लोकांचं नाव इरिगेशनच्या आपल्या सिलॅबसमध्ये शोधा. मिळालं तर मला सांगा.

इथे एक धोका आहे, तोही सांगते, नाहीतर सर लोक म्हणतील पोरगी वाहवत गेली. भूगोलावरून इतिहास शिकवताना "नदी होती म्हणून सीमा झाली" असं सोपं करून टाकायचा मोह होतो. तसं असतं तर प्रत्येक नदी सीमा झाली असती. गोदावरीच्या दोन्ही काठांना नांदेड एकच आहे. वर्धा सीमा झाली ती १८०३ च्या डिसेंबरात. इंग्रजांनी अडगावला आणि गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला आणि वऱ्हाडात देवगावला तह झाला. त्या तहात वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला, तो निजामाला मिळाला. लढाई झाली राजुऱ्यापासून शेकडो मैल दूर, सही झाली तंबूत, आणि नदीकाठच्या माणसाची जी नदी रोजच्या जाण्यायेण्याची होती ती सरहद्द झाली. पुढे १८५४ ला नागपूरचं राज्य खालसा झालं, पलीकडे इंग्रज आले, अलीकडे निजाम राहिला. अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. अलीकडे कचेरीत उर्दू. माल इकडून तिकडे न्यायचा तर करोडगिरी भरा. आजही आमच्याकडच्या जुन्या जमिनीच्या कागदांत उर्दू निघतं आणि ते वाचणारा माणूस शोधत फिरावं लागतं.

नदी निसर्गाने दिली, सीमा माणसांनी काढली. मुलांना शिकवायचं ते दोन्ही, आणि त्यातला फरकही.

हा फरक दाखवायला आमच्या भागाइतकं छान उदाहरण नाही. नदीच्या दोन्ही बाजूंना जंगल एकच होतं, बांबू तोच होता. निजामाच्या बाजूला सिरपूर इथे १९३८ मध्ये कागद कारखान्याची कंपनी उभी राहिली, त्या गावाला कागजनगर म्हणू लागले. इंग्रजांच्या बाजूला बल्लारपूरची कागद कंपनी १९४५ ची. एकाच जंगलातून दोन सरकारांच्या हद्दींत दोन कागद गिरण्या! सीमा असूनही जंगलाने दोन्ही काठांना एकच धंदा दिला. रेल्वेचंही तसंच. काझीपेठहून येणारा मार्ग १९२९ ला बल्हारशाहला जोडला गेला आणि दिल्ली-मद्रास थेट गाडी याच वर्धेवरून जाऊ लागली. (गाव बल्लारपूर, स्टेशन बल्हारशाह. ज्या खांडक्या बल्लाळशाहच्या नावावरून ही नावं आली त्यानेही असा घोळ घातला नसता.) नदीच्या आमच्या बाजूचं पहिलं स्टेशन माणिकगड. एक्स्प्रेसमधला प्रवासी झोपेत असतो, त्याला कळतही नाही की आपण आत्ता जुनी सरहद्द ओलांडली.

आणि उलटंही बघा. चांद्याच्या तुरुंगात १८५८ ला फाशी गेलेले बाबुराव शेडमाके आमच्या मुलांना माहीत आहेत, कारण ते 'आपल्या जिल्ह्याचे'. निजामाच्या राजवटीविरुद्ध जल-जंगल-जमिनीसाठी लढताना १९४० ला जोडेघाटच्या डोंगरात मारले गेलेले कोमराम भीम मात्र 'तेलंगणाचे'. अहो, १९४० साली जोडेघाट आणि राजुरा एकाच जिल्ह्यात होते! जिवतीच्या डोंगरावरचा गोंड आणि कोलाम माणूस आणि तिकडचा माणूस, भाषा एक, देव एक, सोयरिकी एकमेकांत. सीमेने पाठ्यपुस्तक कापलं आणि त्याबरोबर पोरांचा एक नायक पलीकडे गेला.

यावर आमच्याच ओळखीच्या एका शिक्षकांनी मला सुनावलं, "बाई, बोलायला ठीक आहे. पोर्शन कधी संपवायचा?" त्यांचं दुखणं खरं आहे. जनगणना, निवडणूक, खिचडी, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं शिक्षकाच्या डोक्यावर. त्यात आणखी एक विषय नको. पण मी नवीन विषय मागतच नाहीये. आहे त्याच दोन तासांची आठवड्यातून एकदा गाठ घाला, एवढंच. आणि परीक्षेत त्यावर मार्क नकोत. मार्क आले की गाइड निघतं, गाइड निघालं की "वर्धा नदी सीमा होण्याची कारणे लिहा (कोणतीही चार)" हा प्रश्न येतो आणि सगळं संपतं.

शिवाय हे नुसतं छान वाटतं म्हणून करायचं नाही. जिवती तालुक्यात तेलंगणाच्या सीमेवर चौदा गावं आहेत, तिथल्या लोकांनी कित्येक वर्षं दोन्ही राज्यांची रेशनकार्डं बाळगली, दोन्हीकडे मतदान केलं, एका गावात दोन सरपंच बघितले. २०२५ च्या जुलैमध्ये ती गावं महाराष्ट्रात पूर्णपणे सामावून घेण्याची प्रक्रिया सुरू केल्याचं आपल्या सरकारने जाहीर केलं. त्या गावांतल्या मुलाला आपला कागद असा का, हे समजायला १८०३ ते १९५९ चा सगळा घोळ समजावा लागतो. त्याच्यासाठी तो इतिहास म्हणजे जातीच्या दाखल्याचा, पट्ट्याचा प्रश्न आहे.

आणि पूर. पावसाळ्यात वर्धा फुगली की राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद होतो, हे आमच्याकडे दरवर्षीचं. जुलै २०२२ मध्ये तर पाण्याने हद्दच केली. वर्धेला वरून पैनगंगा मिळते, इरई मिळते. वर्धा भरून वाहत असली की इरईचं पाणी पुढे जात नाही, मागे सरतं आणि चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत शिरतं. आपण याला बॅकवॉटर म्हणतो आणि फ्लुइड मेकॅनिक्सला त्याचा कर्व्ह काढतो. जुनी गावठाणं बघा, बहुतेक उंचवट्यावर आहेत. नवी लेआउट कुठे पडताहेत तेही बघा. कोणत्या साली पाणी कुठवर आलं होतं हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं, पण ते कुठे लिहिलेलं नसतं. जपानमध्ये जुन्या त्सुनामीचं पाणी कुठवर आलं ते सांगणारे दगड आहेत. अनेयोशी नावाच्या वस्तीत "या दगडाच्या खाली घर बांधू नका" असं सांगणारा दगड आहे, लोकांनी ते पाळलं आणि २०११ ला ती वस्ती वाचली. जपानने २०१९ मध्ये अशा स्मारकांसाठी सरकारी नकाशात वेगळी खूणच सुरू केली. आपल्याकडे दगड नाहीत, म्हातारे आहेत. ते दरवर्षी कमी होताहेत.

खाणींचं तर त्याहून घाईचं. उघडी खाण वाढते तशी टेकडीच्या जागी खड्डा होतो आणि सपाट रानाच्या जागी मातीचा डोंगर. नाल्याचा मार्ग वळतो. जे पोर आज सहावीत आहे ते बारावीला जाईपर्यंत त्याच्या गावाची जमीन ओळखू येईल की नाही, सांगता येत नाही. ज्या गावाचं पुनर्वसन होतं त्याचं नाव पाटीवर नव्या ठिकाणी येतं, पण गावदेवाची जागा, पाणवठा, गावाकडची वाट कुठे होती हे नव्या वस्तीतल्या मुलाला दाखवणार कसं? ते आधीच नकाशावर उतरवून घ्यावं लागेल.

हे होऊ शकतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात लोकांनी अभ्यासगट करून आपलं जंगल, आपले कायदे स्वतः समजून घेतले आणि पुढे २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथे कुणी पीएच.डी. झालेलं नव्हतं. शाळेतली मुलं त्यातला छोटा तुकडा नक्की करू शकतात.

म्हणून एन.एस.एस.च्या सरांना आणि समस्त हॉस्टेलकरांना माझी एक सूचना आहे. आपला कॅम्प दरवर्षी एखाद्या गावात जातो, आपण रस्ता झाडतो, शोषखड्डा खणतो, शेवटच्या दिवशी नाटक करतो. यंदा कॅम्प राजुरा तालुक्यात नदीकाठच्या एखाद्या गावात न्या आणि सात दिवसांपैकी तीन दिवस तिथल्या शाळेच्या सातवी-आठवीच्या मुलांना द्या. सर्व्हेच्या लॅबमध्ये डम्पी लेव्हल आणि स्टाफ धूळ खात पडलेत, ते सोबत घ्या. पहिल्या दिवशी मुलांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं, पाणी कुठवर आलं होतं, जुना घाट कुठे होता, करोडगिरीचा नाका कुणाच्या आठवणीत आहे का. दुसऱ्या दिवशी आपण त्या खुणांची लेव्हल घ्यायची, मुलांनी स्टाफ धरायचा. तिसऱ्या दिवशी सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारास एक नकाशा मोठा करून शाळेच्या भिंतीवर काढायचा आणि त्यावर सगळं मांडायचं: खडक, नाले, पुराच्या रेषा, जुनी सरहद्द, खाणीची हद्द. कॉम्प्युटरवाल्यांना काम नाही असं समजू नका, उपग्रहाच्या जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना तुम्हीच करायची आहे. मेकॅनिकलवाल्यांनी रंग कालवावा.

भिंतीचा खर्च मी काढलाय, ऑइलपेंट, ब्रश आणि प्रायमर धरून आपल्या एका गॅदरिंगच्या मंडपापेक्षा कमी येतो. गावाशी बोलायला मी तयार आहे. फक्त कॅम्प डिसेंबर-जानेवारीतच ठेवा. पावसाळ्यात ठेवलात तर बल्लारपूरपर्यंत याल आणि पुलापाशी बसून राहाल.